नाटकांच्या फायली हलक्या करताना : एप्रिल ते जूनच्या नोंदी

माझा फोटो स्टुडिओ ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात आहे. दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावोगावच्या जत्रांना, सुरुवात झाली की होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, रात्रभर नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नाटक मंडळी येतात आणि गावोगावच्या मांडवात रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पडतो. लग्नाच्या शूटिंगवर पोट भरतो आणि हौसेनं नाटकं शूट करतो. एक नाटक म्हणजे पाच तासांची फाईल. अशी ६३ जमा झालीत. त्या फायली लहान करायला घेतल्या, त्याच्या या नोंदी. अशीच डिस्क घेऊन बसलेला कोणी असेल तर निदान माझ्याच चुका त्यानं परत करू नयेत.

६ एप्रिल

तीन नंबरच्या डिस्कमधून टकटक आवाज येऊन रायला. काल एका नाटकाची प्रत द्यायची होती, फाईल कॉपी व्हायला घेतली तर मध्येच अडकली. डिस्क काढली, थंड केली, पुन्हा लावली. या वेळी कॉपी झाली. पण पोटात गोळा आला तो आलाच.

सगळ्या डिस्क काढून वहीत मांडलं.

मिनी डीव्ही टेपवरून उतरवलेली जुनी नाटकं ९, तासाला १३ जीबी, एकूण सव्वापाचशे जीबी.
हँडीकॅमच्या एमटीएस फायली, नाटकं ३१, एकेक ३८ जीबीच्या आसपास, एकूण १.१८ टीबी.
नव्या कॅमेऱ्याची, सेकंदाला ५० फ्रेम आणि ५० मेगाबिटवाली नाटकं २३, एकेक ११२ जीबी, एकूण २.६ टीबी.

बेरीज सव्वाचार टीबी. सहा डिस्कवर विखुरलेली, आणि प्रत्येकाची एकच प्रत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून माझ्याकडे जुन्या रेकॉर्डिंगची चौकशी वाढली आहे, आणि मी मात्र त्या एकेका प्रतीच्या भरवशावर निवांत बसलो होतो.

ठरवलं ते असं : सगळं मिळून एका २ टीबीच्या डिस्कवर मावलं पायजे आणि अशा दोन डिस्क झाल्या पायजेत, एक इथं, एक गावाबाहेर. मोठ्या डिस्क विकत घेऊनही काम झालं असतं, पण ८ टीबीच्या दोन डिस्कांचा भाव विचारला आणि गप घरी आलो.

७ एप्रिल

भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा आहे. म्हणाला, "मामाजी, झिप करून टाका ना." केलं. ११२ जीबीची फाईल रात्रभर झिप होत राहिली आणि सकाळी १११ जीबी निघाली. कॅमेऱ्यानं चित्र आधीच आवळलेलं असतं. झिपला त्यात पिळायला काही उरतच नाही. एक रात्र गेली.

"अजिबात काही न गमावता" हा पर्यायही एका मिनिटावर करून पाहिला. लॉसलेस लावलं तर ३७५ एमबीचं मिनिट सव्वादोन जीबीचं झालं. कॅमेऱ्यानं टिपलेला दाणा न् दाणा जपायचा म्हटलं की असंच होणार. म्हणजे काहीतरी जाणारच आहे. डोळ्याला कळणार नाही असं काय सोडायचं, एवढंच आपल्या हातात.

९ एप्रिल

काम सुरू. व्हिडिओ आवळायला एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर वापरतो आहे. हँडब्रेक हे दुसरं सॉफ्टवेअर सोपं आहे, पण मला एकामागून एक फायली रांगेत लावून झोपायचं होतं आणि भाच्यानं एफएफएमपेगची बॅच फाईल (हुकमांची यादी) लिहून दिली. एच.२६५ (चित्र आवळायची पद्धत), सीआरएफ २४, प्रीसेट (वेगाची सेटिंग) फास्ट. सीआरएफ म्हणजे दर्जाचा आकडा : जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी.

सगळ्यात आधी एमटीएस घेतल्या. कारण काही नाही, त्या डिस्कवर एक नंबर लिहिला होता म्हणून. ही पहिली चूक.

११ एप्रिल

तीन नाटकं झाली. ३८ जीबीची ११ वर आली, मी खूश. संध्याकाळी दुसऱ्या नाटकातली लावणी लावून पाहिली. बाई गिरकी घेते आणि तिच्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. पायातल्या घुंगरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा.

हँडीकॅम ५०आय मध्ये शूट करायचा. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या रेघा विणलेल्या. टीव्ही ते आपोआप उलगडून दाखवतो, म्हणून इतकी वर्षं कधी जाणवलं नाही. हँडब्रेक नेहमीच्या प्रीसेटमध्ये हे तपासून घेतं. एफएफएमपेग सांगितल्याशिवाय करत नाही. मी सांगितलं नव्हतं. दात आता नव्या फायलीत कायमचे कोरले गेले.

दुसरी गोष्ट सांध्यांची. हँडीकॅम लांब शूटिंगचे २ जीबीचे तुकडे पाडतो. मी प्रत्येक तुकडा वेगळा बारीक केला आणि मग जोडला. प्रत्येक सांध्याला आवाजात 'टक्'. एमटीएस तुकडे आधी आहे तसेच एकामागे एक चिकटवायचे असतात, ते बिनबोभाट चिकटतात, आणि मगच पुढचं काम.

तिन्ही फेकून दिल्या. मूळ फायली अजून होत्या म्हणून बरं.

१२ एप्रिल

आज हात न चालवता नुसता हिशोब केला. हा पहिल्या दिवशीच करायचा होता.

सव्वाचार टीबीतले २.६ टीबी फक्त २३ नाटकांत आहेत. शंभरातले साठ. एमटीएसच्या ३१ नाटकांत खपून १.१८ टीबीतून जे वाचेल त्याच्या दुप्पट-तिप्पट या २३ मधून वाचतं. शिवाय एमटीएसचं चित्र आधीच १७ मेगाबिटमध्ये कसंबसं बसवलेलं. आधीच पिळलेल्या उसाला पुन्हा चरकात घालायचं आणि वरून रेघा उलगडायच्या, म्हणजे वेळ दुप्पट आणि रस थेंबभर.

निर्णय : एमटीएसला हात लावायचा नाही. जशा आहेत तशा, फक्त तुकडे चिकटवून ठेवायच्या. २३ मोठी नाटकं आणि ९ टेपवाली एवढीच घ्यायची. ६३ मधून ३२. मन हलकं झालं, डिस्क मात्र अजून तशीच जड.

१५ एप्रिल

चाचणीसाठी एका विनोदी नाटकातला एक मिनिट कापला. स्टेजवर भरपूर उजेड, दोन नट, मागं रंगवलेला वाड्याचा पडदा. वेगवेगळे आकडे लावून पाहिले. सीआरएफ २४ ला ३७५ एमबीचं मिनिट ३४ एमबी झालं आणि मला, बायकोला, भाच्याला कोणालाच मूळ आणि नक्कल यात फरक सांगता आला नाही. मूळ कोणतं हे न सांगता दाखवलं होतं, म्हणजे तेवढी सावधगिरी मी घेतली होती.

ग्राफिक्स कार्डावरचा एन्कोडर, म्हणजे चित्र आवळणारा, हाही पाहिला. वेग बघून डोळे फिरले : पाच तासांचं नाटक दीड तासात. पण त्याच मापाच्या फाईलमध्ये मागचा पडदा पुसट आला, वाड्याच्या विटा एकमेकांत मिसळल्या. तो दर्जा गाठायला फाईल बरीच मोठी ठेवावी लागते. गिऱ्हाइकाला लग्नाचा व्हिडिओ घाईनं द्यायचा असेल तर तोच वापरीन. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या प्रतीला नाही.

रांग लावली. सहा नाटकं.

२२ एप्रिल

सहा झाली. १२ जीबीच्या जवळपास एकेक. सगळं उत्तम म्हणून आज एक पाहायला बसलो, आणि तिसऱ्या अंकात खून होतो तिथं हात कपाळाला गेला.

तो प्रवेश असा आहे : सगळे दिवे बंद, एक लाल फोकस, खालून धुराचं मशीन. दिग्दर्शकानं त्या एका क्षणासाठी अख्खी रात्र प्रेक्षकांना बसवून ठेवलेलं असतं. माझ्या फाईलमध्ये धुराचे चौकोन झाले होते. फरशी बसवावी तसे. काळ्या अंधारात करड्या रंगाचे पट्टे, एकावर एक, आणि नट हलला की ते पट्टेही सरकायचे. त्याचा चेहरा मेणाचा.

चूक चाचणीची होती. मी सगळ्यात सोप्या मिनिटावर आकडा ठरवला. भरउजेडात कोणताही एन्कोडर पास होतो. अंधारात एका छटेपासून दुसरीपर्यंत जायला आठ बिटमध्ये (म्हणजे छटांच्या २५६ पायऱ्यांत) पायऱ्याच थोड्या, आणि एन्कोडरलाही वाटतं की इथं काही दिसत नाही, इथले बिट वाचवा. वरून कॅमेऱ्यानं अंधारात गेन (उजेड पकडायची ताकद) वाढवलेला असतो, त्याचा बारीक दाणा पसरलेला. त्या दाण्यावर बिट खर्ची पडतात आणि चेहऱ्याला उरत नाहीत.

नाटक हे अर्धं अंधारातच असतं. हे मला, पंधरा वर्षं नाटकं शूट करणाऱ्याला, कळायला सहा रात्री लागल्या.

२६ एप्रिल

चार दिवस लग्नं होती. मधल्या वेळात चाचणी नव्यानं.

या वेळी पाच वाईट मिनिटं निवडली : लाल फोकस आणि धूर, लावणी, दिवे हळूहळू विझतात तो क्षण, जरीच्या साडीचा क्लोजअप, आणि मांडवातल्या प्रेक्षकांवरून फिरलेला कॅमेरा. आधीचं सोपं मिनिटही तुलनेला ठेवलं.

भाच्यानं व्हीमॅफ नावाचं माप काढून दिलं. नेटफ्लिक्सनं बनवलेलं, शंभरातले गुण देतं. गंमत अशी की धुराच्या मिनिटाला सीआरएफ २४ वर त्यानं ९१ दिले. पट्टे डोळ्यांना टोचत होते आणि माप म्हणत होतं, छान आहे. तेव्हापासून गुण दुसऱ्या नंबरवर, खोलीतले दिवे घालवून टीव्हीवर पाहणं पहिल्या नंबरवर. मॉनिटरवर नाही, टीव्हीवर, कारण लोक तिथंच पाहणार.

बरंच उलटंपालटं करून जे ठरलं ते :

एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर), १० बिट. मूळ आठ बिटचं असलं तरी. छटांच्या २५६ पायऱ्यांऐवजी १०२४ मिळतात, हिशोब बारीक होतो आणि पट्टे एकदम कमी झाले. फाईल जवळपास तेवढीच. या एका बदलानं सगळ्यात जास्त फरक पडला.
सीआरएफ २०.
एक्यू-मोड ३. हा अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो.
प्रीसेट मीडियम. स्लो लावला तर माझ्या सहा कोअरच्या मशीनवर सेकंदाला ९-१० फ्रेम, म्हणजे एका नाटकाला २५ तास. मीडियमला २२ फ्रेम, साडेअकरा तास. फाईलमध्ये फरक इतका नाही की दोन आठवडे जास्त घालवावेत.
दाणा कमी करायला एचक्यूडीएनथ्रीडी फिल्टर, अगदी हलका. धुराचं मिनिट यानं ११८ एमबीवरून ७१ वर आलं. पहिल्यांदा जोरात लावला होता तर नायिकेच्या गालावरचा तीळ गेला. अर्ध्यावर आणला तेव्हा तीळ परत आला.

आवाज वेगळा. कॅमेरा न आवळलेला पीसीएम आवाज ठेवतो, पाच तासांचा साडेतीन जीबी. तो एएसी या आवळलेल्या प्रकारात, सेकंदाला १९२ किलोबिटवर नेला, सव्वाचारशे एमबी.

एका नाटकाचा अंदाज २२ जीबी. १२ ऐवजी २२. २३ नाटकांचे पाचशे जीबी झाले तरी माझ्या डिस्कवर मावतात. लोभ सोडला.

२ मे

रात्री तीनला लाईन गेली. यूपीएस अठरा मिनिटं टिकला, लाईन पावणेपाचला आली. नऊ तासांचं काम झालेलं. एमपी४ फाईल डिस्कवर दिसते, १७ जीबीची आहे, पण उघडत नाही. एमपी४ आपली अनुक्रमणिका शेवटी लिहितं. शेवटापर्यंत पोचलंच नाही तर फाईल म्हणजे बिनपत्त्याची गठडी.

आजपासून एमपी४ ऐवजी एमकेव्ही फाईल. ते मध्येच तुटलं तरी तुटलं तिथपर्यंत चालतं. पण तुटलेलं नाटक घेऊन करू काय? म्हणून आणखी एक केलं : नाटकाचं चित्र आधी न आवळता एकेका तासाच्या तुकड्यांत कापायचं, तुकडे रांगेत लावायचे, शेवटी जोडायचे. लाईन गेली तर फार तर सव्वादोन तास वाया. आवाज मात्र कापायचा नाही, तो अखंड वेगळा करायचा आणि शेवटी चित्राला लावायचा. एप्रिलमधला 'टक्' लक्षात होता.

यूपीएसला नवी बॅटरी, ११५० रुपये.

९ मे

वेग पडला. सेकंदाला २२ फ्रेमऐवजी १३. दुपारी तर ११. सेटिंग तीच, फाईल तशीच. दोन दिवस सॉफ्टवेअर उलटंपालटं करत बसलो. जुनी आवृत्ती टाकली, नवी टाकली.

मग प्रोसेसरचं तापमान पाहिलं, ९८. ब्रह्मपुरीचा मे महिना, खोलीतच बेचाळीस. प्रोसेसर जीव वाचवायला आपणहून हळू होतो. बाजूचं झाकण उघडलं आणि हसावं की रडावं कळेना. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत राईस मिल आहे. पंखा आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये धानाच्या तुसाची बोटभर जाड गादी जमलेली, पिवळसर, नमद्यासारखी दाबून बसलेली. नखानं उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. पट्ट्यांचे ठसे उमटलेले होते तिच्यावर.

साफ केलं, थर्मल पेस्ट नवी लावली, १८० रुपये. ७९ वर आलं.

त्याआधी एक येडेपणा केला होता तोही लिहून ठेवतो. कूलर थेट कॉम्प्युटरच्या तोंडावर लावला होता. कूलरची हवा ओली. दुसऱ्या दिवशी केसच्या आतल्या पत्र्यावर दव. काही जळलं नाही हे माझं नशीब. आता कूलर खोलीत, पण पाठ करून. आणि काम रात्री नऊ ते सकाळी सात. दुपारी मशीनही झोपते, मीही.

१७ मे

आज सगळ्यात वाईट दिवस.

ऑर्गन वाजवणारे एक काकाजी आहेत, पासष्टीचे. त्यांचं एक नाटक तयार झालं म्हणून ऐकायला बोलावलं. चित्राकडे त्यांचं लक्षच नसतं. डोळे मिटून बसले. पाच मिनिटांत डोळे उघडले.

"हा तं मांडवातला आवाज होय ना गा. माहा आर्गन कोटी गेला?"

मी म्हटलं, काकाजी, तोच आहे. ते म्हणाले, "नाही जी. पोट्टं रडून रायलं मागं, ऐक."

खरंच होतं. त्या वर्षी मी आवाजाच्या मिक्सरवरून रेकॉर्डरला थेट तार घेतली होती आणि तो आवाज त्याच फाईलमध्ये दुसरा ट्रॅक म्हणून बसवला होता. पहिला ट्रॅक कॅमेऱ्याच्या माईकचा : खोकला, पोरांची रडारड, चहावाला. दुसरा स्वच्छ. एफएफएमपेगला काही न सांगितलं तर तो चित्राचा एक आणि आवाजाचा एकच ट्रॅक उचलतो. त्यानं पहिला उचलला.

त्या वर्षीची चार नाटकं. तिघांच्या मूळ फायली आहेत, त्यांचा आवाज परत करता येईल. चौथ्याची मूळ फाईल मी परवा जागा पायजे म्हणून पुसली. पुसण्याआधी सुरुवातीची दहा मिनिटं आणि शेवटची दहा पाहिली होती. चित्र झकास होतं. आवाज येत होता. आवाज कोणता, हे पाहिलं नाही.

पुसलेली परत आणायच्या सॉफ्टवेअरनं दोन तास शोधलं. त्या जागेवर नव्या फायली चढल्या होत्या. रेकॉर्डरचं जुनं कार्ड सापडलं, त्यावर शेवटचा अंक आहे, बाकी नाही.

ते नाटक काकाजींचंच. त्यांना सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "शेवटची नांदी तरी आहे ना?" नांदी शेवटी नसते हे त्यांनाही ठाऊक आहे. भैरवी म्हणायचं होतं त्यांना. ती आहे.

१८ मे

यापुढे मूळ फाईल पुसायच्या आधी हे सगळं झालं पायजे. भिंतीवर कागद चिकटवला आहे.

आवाजाचे ट्रॅक मोजायचे, मुळात किती, नव्यात किती. बॅच फाईलमध्ये 'सगळे ट्रॅक घे' हे स्पष्ट लिहायचं.
लांबी सेकंदापर्यंत जुळली पायजे.
पूर्ण फाईल एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठंही न लिहिता नुसती उलगडून पाहायची, एफएफएमपेग ते करतो. मध्ये कुठं खराबी असेल तर ओळ छापतो. एका नाटकाला वीसेक मिनिटं.
सगळ्यात अंधारा प्रवेश टीव्हीवर पाहायचा.
हेडफोन लावून तीन ठिकाणी ऐकायचं. चेहरा बघत ऐकायचं नाही, डोळे मिटून.
दोन डिस्कांवर कॉपी आणि दोन्हींचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) जुळवायचा.
आणि तरीही महिनाभर पुसायचं नाही.

जागा कमी पडते म्हणूनच तर पुसलं होतं. म्हणून दोन्ही नव्या डिस्क आजच आणल्या, दोन मिळून १३,२०० रुपये. आधी आणायला पायजे होत्या. काम संपल्यावर घेऊ म्हणून पैसे वाचवत होतो.

२६ मे

वडशाच्या एका मंडळीच्या मालकांना पेनड्राईव्हवर नाटक पायजे होतं. ते मला माझ्या लहानपणापासून पाहतात. २२ जीबीची फाईल पेनड्राईव्ह घेईना. ड्राईव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता, ४ जीबीच्या वर एक फाईल तो घेतच नाही. एक्सएफएटी करून दिला.

संध्याकाळी फोन.

"अरे बाबू, आवाज येऊन रायला, चित्रच नाही."

त्यांचा टीव्ही जुना, एच.२६५ त्याला माहीत नाही, १० बिट तर त्याहून नाही. शिवाय एक्सएफएटी त्यांच्या मुलाचा टीव्ही वाचत नाही. म्हणजे साठवायची प्रत वेगळी आणि वाटायची वेगळी, हे कबूल करावं लागलं. वाटायच्या प्रतीला एच.२६४, आठ बिट, ७२० रेघा, सेकंदाला २५ फ्रेम, तीन अंकांच्या तीन फायली, प्रत्येक ४ जीबीच्या आत, एफएटी३२ वर. अशी प्रत मागितली तरच बनवतो. ती ग्राफिक्स कार्डावर, अर्ध्या तासात. तिथं तोच बरा.

"आता दिसून रायलं," असा दुसरा फोन आला, आणि लगेच, "आमची मंडळी जरा काळपट नाही का वाटत?" ते त्यांच्या टीव्हीचं आहे. मी काही बोललो नाही.

३ जून

२३ पैकी १९ झाली. आता टेपवाली नऊ.

यांच्यात दोन खोड्या. एक, हीही विणलेल्या रेघांचीच. एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडिफ फिल्टरनं उलगडली, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम केल्या म्हणजे हालचाल मुळासारखी राहते. पण पहिल्या नाटकात सगळे नट थरथरत चालतात, एक पाऊल पुढं, अर्धं मागं. पाल डीव्हीत (आपल्याकडच्या टेपांची पद्धत) खालची रेघ आधी येते, हँडीकॅमच्या एमटीएसमध्ये वरची. माझ्या उतरवलेल्या एव्हीआयमध्ये ती खूण नव्हती आणि मी वरची आधी असं लिहून बसलो होतो. उलट केलं, थरथर थांबली.

दुसरी, सगळे बारीक दिसायला लागले. ७२० बाय ५७६ चं चित्र, पण त्यातले ठिपके चौरस नसतात, दाखवताना ते रुंद करून ४:३ करायचं असतं. ती खूणही हरवली होती. आमचा एक खलनायक पोटामुळे पंचक्रोशीत ओळखला जायचा. तो सडपातळ दिसला तेव्हाच कळलं काहीतरी चुकलंय.

सीआरएफ १८ ठेवला. टेपचं चित्र लहान, तिथं कंजुषी करून फायदा नाही. साडेचार तासांचं नाटक ५८ जीबीवरून ६ वर. वेळ फक्त तीन तास. टेपा फेकणार नाही. दोन टेपांना बुरशी लागली आहे, बाकीच्या कोरड्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवल्या.

१४ जून

शेवटचं नाटक सकाळी सहाला संपलं. बाहेर पहिल्यांदा मातीचा वास. शेजारचे धानाच्या पऱ्याची (रोपांची) बांधी नांगरायला निघाले होते.

हिशोब. एमटीएस जशाच्या तशा १.१८ टीबी. २३ मोठी नाटकं ५१० जीबी. टेपवाली ५४ जीबी. एकूण १.७५ टीबीच्या आत, आणि २ टीबीच्या डिस्कवर अडीचशे जीबी मोकळे. येत्या हंगामाची दहाएक नाटकं मावतील.

पैसे : डिस्क १३,२००, बॅटरी ११५०, पेस्ट १८०, विजेचे ५५ युनिट धरून साडेपाचशे. पंधरा हजारांवर थोडे. मशीन चालली साधारण सव्वाचारशे तास, त्यातले शंभरेक तास पुन्हा करण्यात. माझे स्वतःचे तास मोजले नाहीत. बायकोनं मोजलेत, पण ती सांगत नाही.

२२ जून

चेकसम दोन्ही डिस्कचे जुळले. एका फाईलचा जुळला नाही. पुन्हा कॉपी केली, जुळला. न तपासता दिली असती तर कळलंही नसतं.

टकटकणारी तीन नंबरची डिस्क वेगळी काढून तिच्यावर 'लावू नये' लिहिलं. बाकीच्या मूळ डिस्क पुढच्या मंडईपर्यंत तशाच. चौथ्या नाटकाला काकाजींची भैरवी मिक्सरच्या आवाजात बसवली, त्याआधीचे अंक मांडवातल्या आवाजातच आहेत. सांधा कळतो. तो लपवायला तिथं दोन सेकंद आवाज हळूहळू बदलत नेला, काकाजींना तरीही कळला.

दुसरी डिस्क नागपूरला बहिणीकडे पोचवली. तिनं ती कपाटात, पैठणीच्या घडीखाली ठेवली. दर दिवाळीला एकदा लावून बघ म्हटलं. म्हणाली, "बघीन, पण दादा, एखादं नाटक मोबाईलवर पाठव ना."